सहा पंखे लावूनही संगणक का तापतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यात संगणक थंड कसा ठेवावा यावर मजकूर आला. विषय घेतला हे चांगलेच झाले, पण त्यातल्या दोन सल्ल्यांबद्दल लिहिणे भाग आहे. कॅबिनेटमध्ये जागा असेल तितके पंखे बसवा, हा एक. आणि तरीही तापत असेल तर बाजूचे झाकण काढून समोर टेबलफॅन लावा, हा दुसरा. पहिल्याने वाचकाचे दोन-तीन हजार रुपये जातील आणि तापमान जेमतेम एक-दोन अंशांनी हलेल. दुसऱ्याने कॅबिनेटमध्ये धूळ भरेल. संगणक जुळणी आणि दुरुस्ती हाच आमचा धंदा आहे. एप्रिल-मे महिन्यांत नागपुरात ‘मध्येच बंद पडतो’, ‘गेम अडकतो’, ‘फार घरघर करतो’ म्हणून जी यंत्रे दुरुस्तीला येतात, त्यांत पंखे कमी असल्याची प्रकरणे थोडी आणि हवेची वाट अडल्याची पुष्कळ असतात.

आधी हिशेब मांडू. मध्यम बजेटचे यंत्र घ्या: इंटेलचा कोअर आय५-१२४०० प्रोसेसर आणि एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसरची मूळ मर्यादा ६५ वॅट असली तरी पूर्ण जोरात तो ११७ वॅटपर्यंत जातो. कार्ड १७० वॅटचे. मदरबोर्ड, रॅम, डिस्क मिळून आणखी चाळीसेक धरा. म्हणजे सर्वांत वाईट वेळी कॅबिनेटच्या पोटात सुमारे ३३० वॅट उष्णता तयार होते आणि ती सगळी हवेनेच बाहेर न्यायची असते. ४० अंशांची एक लिटर हवा एका अंशाने तापवायला साधारण १.१ जूल लागतात. तेव्हा सेकंदाला ३० लिटर हवा आत आली आणि १० अंशांनी तापून बाहेर पडली की ३३० वॅटचा निकाल लागला. पंख्याच्या खोक्यावरच्या भाषेत हे झाले ६४ सीएफएम, म्हणजे मिनिटाला ६४ घनफूट.

१२० मिलिमीटरच्या बऱ्या पंख्यावर ५० ते ६० सीएफएम छापलेले असते, पण तो आकडा पंखा मोकळ्या हवेत फिरत असतानाचा. पुढे जाळी, फिल्टर आणि मागे हार्ड डिस्कचा सांगाडा आला की निम्मी हवा हाती लागली तरी पुष्कळ. तरीसुद्धा पुढून आत ओढणारे दोन आणि मागून बाहेर टाकणारा एक, एवढ्या तीन पंख्यांत वरचा हिशेब बसतो. आता हेच तापमान आणखी उतरवायचे म्हटले तर काय होते पाहा. आत-बाहेरचा फरक १० वरून ५ अंशांवर आणायला सेकंदाला ६० लिटर हवा लागते. अडीच अंशांवर आणायला १२०. पहिल्या तीन पंख्यांनी जे साधते त्यापुढचा प्रत्येक पंखा कमी-कमी देत जातो. आवाज मात्र वाढतच राहतो: सारख्या पंख्यांची संख्या दुप्पट केली की ३ डेसिबलची भर. उलट पंख्याचा वेग वीस टक्क्यांनी उतरवला तर हवा वीस टक्केच घटते आणि आवाज जवळजवळ ५ डेसिबलने खाली येतो. म्हणून जागा असेल तिथे १४० मिलिमीटरचा पंखा संथ फिरवणे केव्हाही बरे.

खोलीतली हवाच ४० अंशांची असेल तर कितीही पंखे लावा, कॅबिनेट ४० च्या खाली जाणार नाही. हे उघड असले तरी विसरले जाते. परदेशातल्या किंवा एसी खोलीतल्या चाचणीत प्रोसेसर ६५ अंशांवर दिसतो आणि आपल्याकडे तोच ८१ दाखवतो, म्हणून पेस्ट (प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदल, कूलर (प्रोसेसरवर बसणारा पंखा आणि धातूचा सांगाडा) बदल असे सुरू होते. चाचणीची खोली २४ अंशांची आणि आपली ४० ची असेल तर त्यातले १६ अंश खोलीचेच आहेत. यंत्रात काही बिघडलेले नाही. इंटेलच्या या प्रोसेसरची वरची मर्यादा १०० अंश आहे. एएमडीची रायझन ७००० मालिका ९५ अंशांपर्यंत चालण्यासाठीच बनवली आहे. तेव्हा नोंद करायची ती फरकाची: प्रोसेसरचे तापमान वजा खोलीचे तापमान. जानेवारीतला फरक आणि मे महिन्यातला फरक साधारण सारखा असेल तर यंत्र ठीक आहे. फरकच दहा-बारा अंशांनी वाढला असेल तर धूळ, पेस्ट किंवा पंखा यांपैकी काहीतरी गेले. जाता जाता सांगायचे तर, वीसेक वर्षांपूर्वी इंटेलने कॅबिनेट बनवणाऱ्यांना घालून दिलेला दंडक होता की बाहेर ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्याला मिळणारी हवा ३८ च्या वर जाऊ नये. जुन्या कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणावर आतून बसवलेले प्लॅस्टिकचे नळकांडे दिसते, ते त्याचसाठी. आमच्याकडे मे महिन्याच्या दुपारी ३८ हे खोलीचेच तापमान असते.

आता पंखे कुठे. वाड्याला पुढचे आणि मागचे दार समोरासमोर असले की वारा जसा आरपार जातो, तशी वाट हवी: पुढून आत, मागून-वरून बाहेर. गरम हवा आपोआप वर जाते म्हणून वरचा पंखा हवाच, असे विक्रेते सांगतात. जाते हे खरे, पण अर्धा मीटर उंचीच्या डब्यात दहा अंशांच्या फरकाने जो जोर निर्माण होतो तो साध्या पंख्याच्या दाबाच्या शंभराव्या हिश्श्याइतका असतो. मागचा पंखा वर असतो याचे खरे कारण, प्रोसेसरचा कूलर त्याच्या समोर येतो.

पुढच्या बाजूला तीन जागा आणि हातात दोन पंखे असतील तर बहुतेक जण खालच्या दोन जागा भरतात. हल्लीच्या कॅबिनेटमध्ये खाली एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा डबा) झाकणारा पत्र्याचा कप्पा असतो. सर्वांत खालच्या पंख्याची निम्मी-अधिक हवा त्या कप्प्यात शिरते आणि कार्डाला मिळतच नाही. कप्प्यात हार्ड डिस्क असेल तर ती हवा सत्कारणी लागते. नसेल तर मधली आणि वरची जागा वापरा. मधल्या पंख्याची हवा थेट ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखाली जाते, वरच्याची प्रोसेसरच्या कूलरकडे.

मागचा एक पंखा बाहेर टाकणारा. टॉवर कूलर (प्रोसेसरवर उभा राहणारा, बाजूला पंखा असलेला) असेल तर त्याचाही पंखा पुढून ओढून मागे ढकलणाराच हवा. तो चुकून उलटा बसला की कूलर आणि मागचा पंखा एकमेकांशी भांडत बसतात. प्रोसेसरसोबत खोक्यात येणारा इंटेलचा कूलर हवा खाली बोर्डावर मारतो आणि ती चहूबाजूंनी पसरते, त्यामुळे त्याच्यासाठी मागचा पंखा जास्तच गरजेचा.

छतावर पंखा लावायचाच असेल तर फक्त मागच्या बाजूच्या जागेवर, आणि बाहेर टाकणारा. छताच्या पुढच्या जागेवर बाहेर टाकणारा पंखा लावणे ही आम्हाला सर्वाधिक दिसणारी चूक आहे. पुढच्या पंख्याने नुकतीच आत घेतलेली थंड हवा कूलरपर्यंत पोहोचायच्या आत तो वरच्या वर उचलून बाहेर फेकतो. पंखे वाढतात आणि प्रोसेसर दोन अंशांनी जास्त तापतो तो असा. ज्यांनी तिथे पंखा लावला आहे त्यांनी तो एकदा नुसता बंद करून पाहावा. खर्च काही नाही.

पंख्याची दिशा ओळखणे सोपे आहे. पाती मोकळी दिसतात ती बाजू हवा ओढते; मोटर धरणाऱ्या काड्या आणि स्टिकर असतो ती बाजू हवा टाकते. काही पंख्यांच्या चौकटीवर बाण कोरलेले असतात. पाती मुद्दाम उलटी केलेले पंखेही आता मिळतात, काचेतून सुंदर बाजू दिसावी म्हणून, तेव्हा खात्री टिश्यू पेपरच्या पट्टीने करावी. पट्टी चिकटली तर हवा आत, उडाली तर बाहेर.

पंख्यांपेक्षा जास्त नुकसान पुढचे झाकण करते. १२० मिलिमीटरचा एक पंखा मधला गाभा वगळून सुमारे ८८ चौरस सेंटिमीटरमधून हवा ओढतो. दोन पंख्यांना १७५ च्या आसपास तोंड हवे. पुढे अखंड काच आणि तिच्या दोन्ही बाजूंना एक-एक सेंटिमीटरची, चाळीस सेंटिमीटर उंच फट असली तर एकूण वाट ८० चौरस सेंटिमीटर, म्हणजे गरजेच्या निम्म्याहून कमी. त्यामागे तीन काय आणि चार पंखे काय, तोंडच आवळलेले असल्यावर ते नुसते आवाज करतात. त्याउलट ४० बाय २० सेंटिमीटरची पत्र्याची जाळी, निम्मी जागा भोकांची धरली तरी ४०० चौरस सेंटिमीटर देते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, कॅबिनेट घ्यायला जाताना खिशात सहा इंची पट्टी असावी. फट मोजायची, उंचीने गुणायचे, दोन्ही बाजू धरायच्या. दुकानदार हसला तर हसू द्या.

हेच घरी तपासायची रीत अशी. बाजूचे झाकण लावून गेम किंवा ताण-चाचणीचा प्रोग्रॅम वीस मिनिटे चालवा, प्रोसेसर आणि कार्ड यांची तापमाने टिपा. मग फक्त पुढचे झाकण काढा, पुन्हा वीस मिनिटे. नंतर पुढचे लावून बाजूचे काढा, पुन्हा वीस मिनिटे. खोलीचे तापमान तिन्ही वेळी सारखे असावे, म्हणून मध्येच खोलीतला कूलर सुरू करू नका. पुढचे काढल्यावर पाच-सहा अंश उतरले तर पुढची वाट अडली आहे: काच, चोंदलेला फिल्टर किंवा आतला स्पंज. पुढचे काढून काही होत नाही पण बाजूचे काढल्यावर उतरते, तर हवा आत येते आहे पण कार्डापर्यंत पोहोचत नाही किंवा बाहेर पडत नाही. दोन्हींनी दोन-तीन अंशच हलले तर वाट बरी आहे आणि नवा पंखा घेण्याचे कारण नाही. झाकण काढून ठेवणे याचा उपयोग एवढाच, निदानापुरता. कायमचे काढले की पुढून मागे जाणारा झोत मोडतो, मदरबोर्डवरचे वीज नियंत्रित करणारे भाग आणि एसएसडी यांच्यावरून जी थोडी हवा सरकत होती ती थांबते आणि टेबलफॅन खोलीतली सगळी धूळ फिल्टरशिवाय आत घालतो.

ग्राफिक्स कार्डाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आमच्या हिशेबातल्या ३३० पैकी १७० वॅट त्याचेच आहेत. दोन-तीन उघड्या पंख्यांची कार्डे आपली गरम हवा कॅबिनेटमध्येच सोडतात; मागच्या पट्टीतून बाहेर टाकणारी ब्लोअर पद्धतीची कार्डे आता घरगुती बाजारात क्वचितच दिसतात. उघड्या पंख्यांच्या कार्डाला पोटाखाली जागा लागते. कार्ड आणि एसएमपीएसचा कप्पा यांच्यात किमान चार सेंटिमीटर, म्हणजे दोन स्लॉट, मोकळे ठेवा. मधल्या रिकाम्या स्लॉटमध्ये वायफाय किंवा साउंड कार्ड असेल तर ते सर्वांत खाली न्या. कार्ड उभे करून काचेला टेकवणे दिसायला झकास, पण काच आणि पंखा यांत दोन सेंटिमीटर उरले की कार्ड स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढते. कप्प्याच्या छतावर जाळी असेल आणि खाली जागा असेल तर तिथे वर हवा मारणारा एक पंखा कार्डाला जितका उपयोगी पडतो तितका छतावरचा कुठलाही पडत नाही. एवढा एक चौथा पंखा आम्ही सुचवू.

एसएमपीएस खाली असेल आणि कॅबिनेटच्या तळाला जाळी असेल तर त्याचा पंखा खाली तोंड करून बसवा. तो बाहेरची हवा घेऊन मागून टाकतो, बाकीच्या गणिताशी त्याचा संबंध राहत नाही. पाय दोन-अडीच सेंटिमीटरचे हवेत आणि खाली फरशी हवी. सतरंजी, गालिचा किंवा गादी असेल तर पंखा वरच्या तोंडाने लावा. जुन्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वर असतो. तिथे तो बाहेर टाकणारा पंखाच समजून मोजणीत धरायचा. स्वस्तातला एसएमपीएस घेताना आणखी एक गोष्ट पाहा. खोक्यावरचे ८० प्लसचे (वीज किती कमी वाया जाते ते सांगणारे) चिन्ह २३ अंशांच्या आसपासच्या खोलीत केलेल्या चाचणीचे असते. पूर्ण वॅट किती अंशांपर्यंत मिळतील हे वेगळे लिहिलेले असते, ४० किंवा ५०. विदर्भ-मराठवाड्यात ५० वालाच घ्यावा. आतल्या कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मे होते, त्यामुळे हा फरक कागदावरचा नाही.

धुळीकडे वळू. आत घेणारी हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्यांच्या ताकदीपेक्षा थोडी जास्त असावी, म्हणजे उरलेली हवा फटींतून बाहेर पडते आणि धूळ फक्त फिल्टरवर अडते. उलट झाले की यूएसबीच्या भोकांपासून रिकाम्या स्लॉटपर्यंत प्रत्येक फटीतून धूळ आत ओढली जाते. फिल्टर हवा अडवतो, म्हणून दोन आत, दोन बाहेर अशी बरोबरी प्रत्यक्षात उणीच ठरते. तपासायला उदबत्ती पुरे: यंत्र चालू असताना तिचा धूर मागच्या स्लॉटच्या फटींजवळ बाहेरून दोन-तीन सेकंद धरा. धूर दूर ढकलला गेला तर ठीक. आत शिरला तर मागचा किंवा छतावरचा पंखा थोडा संथ करा. उदबत्ती पुढच्या बाजूला नेऊ नका आणि रोज तर मुळीच नको. देवघराशेजारी किंवा स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या यंत्रांत धूप आणि फोडणीच्या तेलकट वाफेने धूळ अशी चिकटते की हवा मारणाऱ्या ब्लोअरने निघत नाही, ब्रशने खरवडावी लागते.

फिल्टर उन्हाळ्यात पंधरवड्याने धुवा. नळाखाली मागच्या बाजूने पाणी सोडायचे, सावलीत पूर्ण वाळवायचा, ओला परत बसवायचा नाही. आतली सफाई तीन-चार महिन्यांनी: प्लग काढून, ब्लोअर लावताना प्रत्येक पंख्याचे पाते बोटाने धरून. न धरता हवा मारली की पंखा ठरलेल्या वेगाच्या कितीतरी पट फिरतो, बेअरिंग खराब होते आणि फिरणारी मोटर उलटी वीज तयार करून बोर्डाकडे पाठवू शकते. बेअरिंगचा उल्लेख आला म्हणून: साध्या स्लीव्ह बेअरिंगचे पंखे उभे, म्हणजे पुढे-मागे, बरे चालतात, छतावर किंवा तळाला आडवे लावले की लवकर खडखडू लागतात. तिथे बॉल किंवा फ्लुइड बेअरिंगचाच पंखा लावा.

जोडणीत पैसे वाया जातात ते असे. स्वस्त कॅबिनेटसोबत येणारे रंगीत पंखे चार जाड पिनांच्या मोलेक्स जोडाने थेट एसएमपीएसवर चालतात. त्यांना वेग-नियंत्रण नाही. दिवसरात्र एकाच गतीने फिरतात. काहींसोबत रिमोट येतो, पण त्याला तापमान कळत नाही. चार पिनांचा पीडब्ल्यूएम पंखा, म्हणजे ज्याचा वेग बोर्ड कमी-जास्त करू शकतो तो, मदरबोर्डच्या जोडावर लावणे सर्वांत सोयीचे. तीन पिनांचा पंखाही त्याच जोडावर बसतो, मात्र बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) त्या जोडाची पद्धत डीसी, म्हणजे व्होल्टेज बदलून वेग बदलणारी, अशी करावी लागते, नाहीतर तो कायम पूर्ण वेगाने पळतो. एका जोडाची मर्यादा बहुधा एक अँपिअर असते. पंख्याच्या स्टिकरवर ०.१५ ते ०.२५ असे काही लिहिलेले असते. बेरीज मर्यादेत असेल तर स्प्लिटरने (एका जोडाला अनेक फाटे देणाऱ्या वायरने) तीन पंखे एका जोडावर चालतात. पुढचे सगळे एका जोडावर, मागचा दुसऱ्यावर, अशी विभागणी ठेवली की उदबत्तीच्या चाचणीनंतर एकच बाजू कमी-जास्त करता येते.

वेगाचा आलेख बायोसमध्येच ठरवा. ५० अंशांना ३५ टक्के, ६५ ला ५०, ७५ ला ७५ आणि ८५ ला पूर्ण, ही सुरुवात आमच्याकडच्या उन्हाळ्याला चालते. थंड प्रदेशासाठी केलेले तयार आलेख ४० अंशांपासून चढू लागतात. मे महिन्यात यंत्र नुसते बसलेले असतानाच प्रोसेसर ५० च्या आसपास असतो, मग पंखे दिवसभर वर-खाली करत राहतात. वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय असते, तीही चालू करा. आणि एक गोम: बहुतेक बोर्ड कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या तापमानाला बांधतात. गेममध्ये प्रोसेसर ६० वर निवांत आणि कार्ड ८० ला, अशा वेळी पंखे झोपलेले राहतात. विंडोजवर फॅन कंट्रोल नावाचा मोफत प्रोग्रॅम पुढचे पंखे कार्डाच्या तापमानाला बांधू देतो. ते नको असेल तर पुढचे पंखे ६० टक्क्यांवर कायमचे ठेवा आणि विसरून जा.

पाण्याच्या कूलरबद्दल एवढेच: रेडिएटर (पाणी थंड करणारी जाळी) छतावर, हवा बाहेर टाकणारा, ही सर्वसाधारण जागा. पुढे लावला तर प्रोसेसर थोडा थंड राहतो पण कार्डाला कोमट हवा मिळते. कुठेही लावा, पंप हा सगळ्या वळशातला सर्वांत उंच भाग असता कामा नये. आतली हवा त्यात साठते, गुडगुड सुरू होते आणि पंप लवकर जातो.

हे सगळे करूनही यंत्र तापत असेल तर कॅबिनेटबाहेर पाहा. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांना खाली एक कप्पा असतो, तिन्ही बाजूंनी बंद, कधी पुढे दारसुद्धा. मागून निघालेली हवा फळीवर आपटून पुढे येते आणि तीच पुन्हा आत ओढली जाते. मत्स्यटाकीसाठी मिळतो तो तार असलेला साधा डिजिटल थर्मामीटर पुढच्या जाळीसमोर दोन सेंटिमीटरवर चिकटवा आणि अर्धा तास गेम चालवा. खोलीपेक्षा तीन अंशांहून जास्त दिसले तर यंत्र स्वतःचीच हवा खात आहे. कप्प्याची मागची फळी सुताराकडून कापून काढा किंवा यंत्र बाहेर घ्या. मागे भिंतीपासून निदान दहा सेंटिमीटर, पुढे पंधरा. प्लॅस्टिकचे शिवलेले कव्हर यंत्र बंद करून थंड झाल्यावरच घालावे.

डेझर्ट कूलरची भीती बाळगू नये. कोरड्या उन्हाळ्यात त्याने खोली दहा अंशांनी उतरते आणि तेवढेच अंश प्रोसेसरवरही उतरतात. यंत्रातले भाग खोलीपेक्षा गरम असल्याने त्यांवर दव साचत नाही. फक्त कूलरच्या थेट झोतात यंत्र ठेवू नका, खसाच्या ताट्यांमधून उडणारे तुषार त्यात जातात. कोकण, मुंबई आणि गोव्याच्या दमट हवेत कूलरचा उपयोग नाही. तिथे छताचा पंखा आणि उघडी खिडकी यांवरच भिस्त.

आपले,
संगणक जुळणी व दुरुस्ती करणारे काही व्यावसायिक, नागपूर

ता. क. रंगीत पंख्यांची दिव्यांची वायर वेगळी असते. तीन पिनांची ती ५ व्होल्टची, चार पिनांची १२ व्होल्टची. ५ व्होल्टची वायर जोर लावून १२ व्होल्टच्या जोडावर बसवली की दिवे त्याच क्षणी जळतात, आणि वॉरंटीत ते सहसा बसत नाही. बोर्डावर जोडाशेजारी बारीक अक्षरांत व्होल्ट छापलेले असतात. मोबाइलचा टॉर्च लावून आधी वाचावे.